आतली कड बघा, मग अलाइनमेंट करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: एकाच कडेने झिजणारे टायर आणि अलाइनमेंटच्या नावाखाली होणारं अर्धवट काम

दर पावसाळ्यात आपल्या दैनिकात खड्ड्यांचे फोटो येतात. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या पुलाखाली, किती खोल, हे तुम्ही पाठपुरावा करून मांडता आणि त्याचा उपयोग होतो. फोटो छापून आला की डांबराची गाडी येते, हे मी आमच्या भागात पाहिलंय. पण खड्डा बुजला म्हणजे त्याने केलेलं नुकसान भरून आलं, असं होत नाही. त्यात आपटलेली गाडी पुढे महिनोन्‌महिने किंचित तिरकी चालत राहते, टायर आतून खात राहते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. याबद्दल कुणी लिहिताना दिसत नाही म्हणून हे पत्र. लांबलं आहे. जागा नसेल तर खुशाल छाटा, पण आतल्या कडेबद्दलचा मजकूर तेवढा ठेवा.

मी भांडुपला राहते. माझे यजमान आधी काळी-पिवळी चालवायचे, नंतर त्यांनी टुरिस्ट परमिटच्या गाड्या घेतल्या. ते गेल्यापासून हा धंदा मी बघते. डिझायर आणि अर्टिगा, सगळ्या सीएनजीवर. काही घरच्या, काही दुसऱ्यांच्या पण आमच्याकडे अटॅच केलेल्या. विमानतळ, नाशिक, शिर्डी, पुणे, गणपतीत कोकण. बँकेचा हप्ता आणि गॅस सोडला तर या धंद्यात मालकाच्या जिवाला सगळ्यात जास्त घोर लावतो तो टायर. म्हणून रविवारी सकाळी गाड्या धुतल्या की घरच्या गाड्यांच्या चारही टायरवरून मी स्वतः हात फिरवते. ही सवय यजमानांनी लावली. ते म्हणायचे, टायर बाहेरून सगळ्यांनाच छान दिसतो, आत हात घाल.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे अटॅच असलेली एक डिझायर दारात आली. मालक-ड्रायव्हर कळव्याचे, आम्ही त्यांना दादा म्हणतो. गाडी जपणारा माणूस. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर मोजून बसवण्याचं काम, वेळच्या वेळी करून घेणारा, तीही हमरस्त्यावरच्या एका मोठ्या, एसी लावलेल्या केंद्रात. पावसाळ्यात एका खड्ड्यात डावं चाक जोरात आपटलं होतं आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं वाकडं राहू लागलं होतं. केंद्रात अलाइनमेंट, बॅलन्सिंग (चाकाचा तोल साधणं), वर टायरमध्ये नायट्रोजन, सगळ्याचं बिल झालं आणि स्टिअरिंग सरळ झालं. दादांनी मशीनचा कागद मागितला तर उत्तर मिळालं, "प्रिंटर बंद आहे, पण सगळं ग्रीन आलंय." (आकडा ठीक असला की मशीन तो हिरवा दाखवतं, नसला की लाल.)

ती गाडी दारात उभी राहताना मला पुढून घूं घूं असा आवाज आला. मी दादांना म्हटलं, स्टिअरिंग पूर्ण फिरवा बघू. डाव्या पुढच्या टायरला बाहेरून निम्म्याहून जास्त खाच शिल्लक होती, कुणीही म्हटलं असतं की अजून भरपूर चालेल. त्याच टायरची आतली कड तुळतुळीत झाली होती आणि एका जागी तार उघडी पडली होती. आदल्याच दिवशी त्या गाडीतून लहान मुलं असलेलं एक कुटुंब शिर्डीहून समृद्धी महामार्गाने आलं होतं. दादा मटकन खालीच बसले. माझेही हातपाय गार पडले.

म्हणून माझं म्हणणं हे आहे: टायर एका बाजूने खाल्ला म्हणजे "अलाइनमेंट मारून घ्या" एवढ्यावर थांबू नये. कुठली कड झिजली, कशी झिजली हे आधी बघावं. त्यावरून वाकलेला किंवा ढिला झालेला भाग शोधावा, तो बदलावा, आणि गाडी मशीनवर शेवटी चढवावी. आज बऱ्याच ठिकाणी नेमका उलटा क्रम चालतो. गाडी आधी मशीनवर जाते, आकडे जेवढे जमतील तेवढे ओढूनताणून हिरवे केले जातात आणि कारण होतं तसंच राहतं.

टायर बघायला मशीन लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. त्याआधी स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवून ठेवायचं, म्हणजे एका पुढच्या चाकाची आतली कड दिसू लागते. मग दुसऱ्या बाजूला फिरवून दुसरं चाक बघायचं. मागच्या चाकांसाठी खाली वाकणं ज्यांना जमत नाही त्यांनी मोबाइल चाकाच्या मागच्या बाजूला धरून फोटो काढावा. तार उघडी आहे का ते आधी डोळ्यांनी बघा आणि मगच बोटं लावा, त्या तारेने बोट चांगलंच कापतं.

दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला पट्टा उंच राहिलाय, तर हवा कमी ठेवली जातेय. मधला पट्टा गेला आणि कडा शाबूत आहेत, तर हवा जास्त. यात अलाइनमेंटचा काहीच संबंध नाही, पण त्याचेही पैसे लोक देऊन येतात. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं, रिकाम्या गाडीसाठी वेगळं आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळं. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा, तो भरायचा नसतो. सीएनजी गाड्यांच्या डिकीत टाकीचं वजन कायमचं असतं आणि वर प्रवाशांच्या बॅगा. मागच्या चाकांची हवा ठरवताना ते धरावं लागतं. आणि हवा टायर थंड असताना बघायची. ठाण्याहून विमानतळापर्यंत गाडी पळवून मग पंपावर हवा मोजली तर आकडा वाढलेलाच दिसणार. तेवढी हवा काढून टाकली की सकाळी थंड टायरमध्ये ती कमी भरणार.

एकच कड झिजली असेल तर मात्र नीट लक्ष द्यायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. यात दोन गोष्टी येतात, टो आणि कॅम्बर. वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं समोरच्या बाजूला एकमेकांकडे वळलीत की फाकलीत, तो टो. समोरून पाहिलं तर चाक ताठ उभं आहे की माथ्याकडून आत किंवा बाहेर कललंय, तो कॅम्बर. चाकं पुढून फाकलेली असली तरी आतली कड जाते आणि चाक माथ्याकडून आत कललेलं असलं तरी आतली कडच जाते. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. फरक हाताला कळतो.

तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने हात सहज सरकतो आणि उलट दिशेने खाचांच्या धारा टोचतात, असं असेल तर टो बिघडलेला आहे. बाहेरून आत जाताना मऊ आणि आतून बाहेर येताना धार लागली तर चाकं पुढून जास्त आत वळलेली, त्याच्या उलट लागलं तर फाकलेली. दोन्ही दिशांनी हात गुळगुळीत सरकतो आणि कड मात्र उतरती झालीय, तर कॅम्बर. त्या डिझायरच्या टायरची आतली कड दोन्हीकडून गुळगुळीत लागत होती. केंद्राने टो नीट बसवून दिला होता म्हणूनच स्टिअरिंग सरळ झालं होतं. कॅम्बरचा आकडा त्यांना हिरवा करता आला नसणार. कागद दिला असता तर तो लाल आकडा दादांनी तिथेच वाचला असता.

टो लहान वाटतो, पण टायर सगळ्यात पटकन खातो तो हाच. चाक आपल्या चालीपेक्षा अर्धा अंश जरी तिरकं असलं, तरी दर किलोमीटरला ते जवळजवळ ९ मीटर आडवं घासतं. माझ्या मुलीने हा हिशेब कॅल्क्युलेटरवर करून दाखवला, साधी त्रिकोणमिती आहे. मुंबई ते शिर्डी साधारण २४० किलोमीटर धरले तर एका फेरीत जाताना २ किलोमीटर टायर नुसता आडवा फरफटला. परत येताना तेवढाच. महिनाभराची भाडी त्याला जोडून बघा.

त्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण योग्य काम कसं असतं हे त्यातून कळेल. आम्ही ती कांजूरमार्गच्या बाजूला एक छोटा गाळा असलेल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांच्याकडेही थ्रीडी मशीन आहे, पण त्यांनी पहिला तासभर मशीनला हातच लावला नाही. आधी चारही चाकांची हवा सारखी केली. मग पुढचं एकेक चाक जॅकवर उचलून घड्याळाच्या तीन आणि नवाच्या जागी धरून हलवलं. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा, ढिला असेल तर चाक इथे खुळखुळतं. नंतर बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, ते बेअरिंग आणि बॉल जॉइंटसाठी (चाक खालच्या दांड्याला, लोअर आर्मला, जोडणारा सांधा). पहारीने लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, दाबून पाहिले. शेवटी शॉकअपचा वरचा नट सैल करून दांडा फिरवला, तशी चाकाचा माथा आत-बाहेर डोलायला लागला. दांडा वाकलेला असल्याची ती खूण. खड्ड्यात आपटल्यावर तो जेमतेम कळेल इतकाच वाकला होता. बाहेरून बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मग त्यांनी गाडी मशीनवर घेऊन आधीचे आकडे छापून दिले. डाव्या चाकाचा कॅम्बर उणे पावणेदोन अंश (उणे म्हणजे माथा आत कललेला), उजव्याचा उणे पाव अंशाच्या आसपास. दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलले, वरचे माउंटिंग बदलले, पुन्हा मशीनवर घेतली, टो बसवला आणि नंतरचे आकडे छापून दिले. दोन्ही कागद दादांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत. टायर अर्थातच गेला.

आता अशा वेळी मुंबईत बऱ्याच ठिकाणी काय करतात ते लिहायलाच हवं. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर बदलण्यासाठी कंपनीने नटबोल्टची सोय दिलेलीच नसते. चाक कललंय याचा अर्थ काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सरकलंय. तो भाग शोधण्याऐवजी "कॅम्बर करून देतो" म्हणून हायड्रॉलिक जॅक लावून शॉकअपच दाबून वाकवतात. मशीनवर आकडा हिरवा येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण ज्या नळीत दांडा तेलातून सरळ वरखाली व्हायला हवा तिलाच पीळ पडलेला असतो. सील झिजतं, तेल गळतं, शॉकअप मरतो आणि तो मेला की टायर पुन्हा वेडावाकडा खाल्ला जातो. मूळ वाकलेला भाग तर गाडीत असतोच. एक वाकलेला भाग झाकायला दुसरा वाकवायचा, ही दुरुस्ती म्हणताच येत नाही. याला मी माझ्या गाडीत कधीही परवानगी देत नाही आणि वाचकांनीही देऊ नये, अशी हात जोडून विनंती आहे. मागची चाकं तर या गाड्यांत एकाच आडव्या बीमवर बसवलेली असतात, तिथे सहसा सेटिंगच नसतं. मागचा टायर एका कडेने खाल्ला तर बीम किंवा चाकाचा स्टब (चाक ज्यावर बसतं तो आस) वाकलाय का ते आधी तपासायचं.

मशीनवर गाडी असताना मालकाने बाजूला उभं राहून बघावं. केंद्रवाले प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चहा देतात. चहा घ्या, पण उठून उभे राहा. स्क्रीनवर आपल्याच गाडीचं मॉडेल आणि साल निवडलंय का ते बघा, कारण हिरवा-लाल हा हिशेब त्या मॉडेलच्या आकड्यांवरूनच होतो. चाकांवर पट्ट्या लावल्यावर गाडी थोडी पुढे-मागे ढकलतात ते रिमचा बाक वजा करण्यासाठी, ते टाळलं तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद. कॅस्टर (बाजूने पाहिलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढे-मागे कल) मोजायचा तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवावंच लागतं. ते न वळवताच कुणी कॅस्टरचा आकडा सांगत असेल तर त्याने तो मोजलेला नाही. आणि टो बसवताना स्टिअरिंग मध्यावर कुलूप लावून ठेवलेलं हवं. शेवटी कागद घ्या, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही. प्रिंटर बंद असेल तर स्क्रीनचा फोटो काढा, फोटोला कुणी नाही म्हणू शकत नाही.

गाडी एका बाजूला ओढते म्हणूनही अनेक जण थेट अलाइनमेंटला जातात. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे डावीकडे थोडीशी ओढ साहजिक आहे. ती जास्त असेल तर पुढचे दोन टायर डावी-उजवी अदलाबदल करून चालवून बघा. ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही. (बाण छापलेले एकाच दिशेचे टायर असतील तर मात्र हा प्रयोग करू नका.) आणि थोडं फिरून आल्यावर एकच रिम चटका बसेल इतका तापला असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय.

ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, हे बहुधा बॅलन्सिंगचं काम. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामं आहेत, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. मुंबईत सध्या यात एक नवीन भर पडली आहे. रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाच्या कामाजवळून गाडी गेली की चिखल आणि सिमेंटचं पाणी रिमच्या आतल्या बाजूला उडून बसतं आणि वाळून घट्ट होतं. बाहेरून गाडी धुतली तरी ते निघत नाही. तेवढ्या वजनाने चाकाचा तोल जातो. मी ड्रायव्हरना सांगून ठेवलंय, बॅलन्सिंगला चाक काढलं की आधी रिम आतून खरवडून स्वच्छ करा, मग मशीनवर चढवा. नाहीतर मशीन त्या सिमेंटसकट तोल साधून देतं, आणि चार दिवसांनी तुकडा गळून पडला की थरथर परत.

आता त्या घूं घूं आवाजाबद्दल. टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने खळगे पडले तर तो शॉकअप मेल्याचा संशय. चाक रस्त्यावर नीट बसत नाही, उड्या मारत चालतं आणि जिथे आपटतं तिथे झिजतं. याचा आवाज बेअरिंग गेल्यासारखाच येतो आणि चांगली बेअरिंग विनाकारण बदलली जातात. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर बहुतेक वेळा टायर, स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे केल्यावर बदलला तर बहुतेक वेळा बेअरिंग. दादांच्या गाडीत शॉकअपच वाकलेला असल्यामुळे टायरला खळगेही पडू लागले होते, ते चाक काढल्यावर दिसलं.

हे सगळं आताच इतक्या पोटतिडकीने का लिहितेय, तेही सांगते. पूर्वी मुंबईतली गाडी मुंबईच्या गर्दीत रखडत चालायची. आतली कड गेलेला टायर फुटलाच तर गाडी जागच्या जागी थांबायची, मागच्या चार जणांनी हॉर्न मारले की विषय संपायचा. आता तीच गाडी भांडुपच्या गल्लीतून निघून २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर ताशी १०० ने जाते, समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता काँक्रीटचा, उन्हात तापलेला, आणि तासन्‌तास एकाच वेगाने गाडी पळवायचा मोह होतो असा. त्या वेगात पुढचा टायर फुटला तर ड्रायव्हरच्या हाती फारसं काही राहत नाही. गल्लीतल्या खड्ड्याने वाकवलेला शॉकअप तिथे घेऊन जायचा नसतो.

कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणे कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असलीच पाहिजे. ती खूण टायरवरच असते, कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं शोधा आणि त्या रेषेत खाचेच्या तळाशी जो उंचवटा आहे तो बघा. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. मात्र दादांच्या टायरची बाहेरून खाच मोजली असती तर तो नियमात बसला असता. म्हणून माझी पहिली मागणी पासिंगची आहे. टुरिस्ट गाड्यांची फिटनेस तपासणी करताना टायरची खोली बाहेरची कड, मध्य आणि आतली कड अशी तीन जागी मोजावी आणि तीनही आकडे कागदावर लिहावेत. एका छोट्या डेप्थ गेजचं काम आहे, एका गाडीला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

दुसरी मागणी अलाइनमेंट केंद्रांकडे. आधीचा आणि नंतरचा छापील कागद बिलासोबत न मागता द्यावा. एखादा आकडा लाल राहिला तर तो का राहिला, कुठला भाग वाकला असावा, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. लाल आकडा दाखवण्यात केंद्राची काही बदनामी नाही, उलट तशा माणसाकडे आम्ही गाड्या पुन्हा पुन्हा नेऊ. कांजूरच्या मिस्त्रींकडे आम्ही नेतोच.

तिसरी मागणी रस्ते बांधणाऱ्यांकडे. नवीन काँक्रीटचे रस्ते चांगले आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण काम चालू असताना काँक्रीटचा पट्टा वर आणि शेजारचं जुनं डांबर खाली, अशी उभी पायरी आठवडेच्या आठवडे तशीच सोडली जाते. रात्री, पावसात, पाण्याखाली ती दिसत नाही. मॅनहोलची झाकणं रस्त्याच्या पातळीला नसतात. पेव्हर ब्लॉक एक उचकटला की शेजारचे खचतात आणि त्या खळग्याला सरळ धार असते, डांबराच्या खड्ड्यासारखा उतार नसतो. टायरच्या अंगाला फुगा येतो तो अशाच धारेवर आपटून. आतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात आणि फुगा आलेला टायर कुठल्याच पंक्चरवाल्याला दुरुस्त करता येत नाही. काम चालू असेल तिथे पायरीला उतार करून द्या आणि रात्री दिसेल असा पट्टा लावा. त्यासाठी नवीन निविदा लागत नाही.

आणि शेवटची विनंती आपल्याला. जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आत आणि पुन्हा नवरात्रात, लोक गाड्या घेऊन देवदर्शनाला निघायच्या आधी, खड्ड्यांच्या फोटोंबरोबर एक फोटो काढलेल्या चाकाचाही छापा. टायर बाहेरच्या बाजूने नको. आतली कड वर करून ठेवलेला, आणि खाली दोन ओळी, ती कड घरच्या घरी कशी बघायची. फोटोसाठी टायर लागला तर दादांचा तो टायर मी फेकलेला नाही.

आपली नम्र,
एक टुरिस्ट गाडीमालक,
भांडुप (पश्चिम), मुंबई